सोमवार बांद्याचा, शुक्रवार म्हापशाचा

आमच्याकडे वार बाजारावरून लक्षात राहतात. सोमवारी बांदा, मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा. दोन बाजार महाराष्ट्रात, तीन गोव्यात. आठवडा सीमा ओलांडून पुढे जातो आणि त्याच्याबरोबर पाट्या घेतलेल्या बायकाही.

शिरगावहून म्हापशाला जायचं म्हणजे आम्हाला बहिणीकडे गेल्यासारखं. आमची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या सात बहिणींतल्या दोघी, ही गोष्ट इथे प्रत्येक पोराला ठाऊक असते. शुक्रवारी सुट्टी असली की मी आईची पिशवी धरून निघते. हरमलची मिरची, मयड्याची केळी, वाळवलेली सोलां, झाडू, मातीची मडकी. मे महिन्यात पुरुमेंताची गर्दी. पावसाळ्यापुरती सुकी मासळी, चिंच, मिरची भरून ठेवायची असते.

खरी मजा मात्र घासाघीस करण्यात. आई विचारते, "कितलें गो?" पलीकडून मालवणीत उत्तर येतं, "तीस रुपये वाटो. घेवा, शेवटचो आसा." दोघींना एकमेकींचं सगळं समजतं. घरी येऊन त्याच खरेदीचा हिशोब आई मराठीत लिहिते. कोकणी की मराठी, हा वाद आम्ही कॉलेजात तावातावाने घालतो. बाजारात तो अजून कुणी घातलेला ऐकला नाही.

राज्यशास्त्राच्या वर्गात सीमा तारखांनी शिकवतात. 15 ऑगस्ट 1955, पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार. 19 डिसेंबर 1961, गोवा मुक्त. 16 जानेवारी 1967, जनमत कौल. 34,021 मतांनी विलीनीकरण नाकारलं गेलं. कौल कुठल्याही बाजूने लागला असता, तरी मिरची विकायला पलीकडे जावंच लागलं असतं. 2020च्या टाळेबंदीत मात्र राज्यांच्या हद्दी बंद झाल्या, आठवडी बाजारही थांबले. सीमा म्हणजे काय, ते तेव्हा आमच्या पिढीला पहिल्यांदा चुलीपाशी कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं की सीमाभागाच्या हक्कांची यादी करताना बाजारात बसायची जागा त्यात हवी. आपण पाट्या, शाळा, कागदपत्रांची भाषा यांवर बोलतो. बोलायलाच हवं. पण ती भाषा दिवसभर बोलणारी बाई उन्हात बसलेली असते. तिला सोपो भरावा लागतो. एका बाजारात एक मावशी मला म्हणाली, "सकाळपासून पाणी पिऊंक ना. मागीर जावचें खंय?" शौचालय जवळ नव्हतं, म्हणून पाणीच प्यायची नाही!

कायदा तिच्या बाजूचा आहे. 2014च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असायला हवेत आणि त्यांत एक-तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्यात आहे. पण समिती असते एकेका शहराची. जी बाई सोमवारी एका राज्यात आणि शुक्रवारी दुसऱ्या राज्यात बसते, तिची बाजू कुठल्या समितीत मांडली जाणार? हा खरा सीमाप्रश्न आहे आणि त्यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आपण काय करू शकतो? पहिलं, बाजारात जा. मॉलच्या काचेत ठेवलेली सोलां घेण्यापेक्षा वाटा घ्या. दुसरं, आपल्या गावच्या पालिकेत किंवा पंचायतीत माहितीच्या अधिकारात विचारा: विक्रेता समिती आहे का, तिच्यात बायका किती, सोपोचा दर काय? तो दर मराठीत आणि कोकणीत बाजाराच्या तोंडावर लावा म्हणावं. तिसरं, सावली आणि शौचालय मागा. दोन्ही बाजूंच्या पोरांनी मिळून मागा, एकाच मजकुराचं निवेदन, बांद्यालाही आणि म्हापशालाही.

आणि घासाघीस करा, पण पाच रुपयांपुरतीच. ती संध्याकाळच्या बसने परत जाणार असते.