मिसर देश कोणाचा?

गेल्या सहामाहींत इयत्ता आठवीच्या वर्गांत नाईल नदीचा पाठ चालला असतां मीं विचारलें, “इजिप्त देश कोणत्या खंडांत आहे?” बहुतेक हात वर झाले, परंतु ज्या विद्यार्थ्यास मीं उठविलें तो म्हणाला, “आशिया खंडांत, सर.” नकाशा समोर टांगलेला असतां असें उत्तर कां, हें विचारतां त्यानें सरळपणें सांगितलें कीं, आफ्रिकेंत हबशी लोक राहतात, आणि पिरॅमिड बांधणारे लोक हबशी कसे असतील? वर्ग हंसला. मागच्या बाकावर एक सांवळा मुलगा बसतो; त्याचे सोबती त्यास मैदानावर ह्याच शब्दानें हाक मारतात. तो मात्र हंसला नाहीं.

उत्तर देणाऱ्या मुलाचा मला राग आला नाहीं, कारण ती चूक त्याची स्वतःची नव्हती. ती दोनशें वर्षांची जुनी आहे, मोठमोठ्या पंडितांनीं ती केली आहे, आणि मी नुकताच नोकरीस लागलों होतों तेव्हां तिचा कांहीं भाग मींही वर्गांत शिकविला आहे. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं, व त्यांच्या आईबापांसाठींही, ह्या विषयावर कांहीं लिहिणें मला भाग वाटतें.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पवित्र शास्त्र वाचलें जातें. त्यांनीं उत्पत्तीचा नववा अध्याय पुन्हां उघडून पाहावा. नोहानें शाप दिला तो कनानास. हामास नव्हे, आणि हामाचे दुसरे पुत्र कूश, मिस्राईम व पूट ह्यांसही नव्हे. असें असूनही कित्येक शतकें लोकांस सांगण्यांत आलें कीं, हामाची संतति काळी झाली व गुलामगिरी हा तिला मिळालेला शापच होय. आफ्रिकेंतील माणसें जहाजांत कोंबून विकणारांस हा अर्थ फार सोईचा होता. पुढें १७९८ सालीं नेपोलियनची स्वारी मिसर देशांत गेली, १८२२ सालीं शांपोलियों ह्यानें तेथील चित्रलिपि उलगडली, आणि युरोपाचे डोळे दिपून गेले. आतां मोठी अडचण उभी राहिली. मिसर हा तर शास्त्राप्रमाणें हामाचाच देश! मग काय, हाम गोरा झाला. गुलाम पाहिजे होते तोंपर्यंत तो काळा होता; पिरॅमिडांचा हिशेब द्यावा लागला तेव्हां तो गोऱ्यांचा पूर्वज ठरला. शास्त्राचा असा उपयोग करणारांत धर्मोपदेशकही होते, ही गोष्ट ख्रिस्ती शिक्षकानें लपवूं नये.

अमेरिकेंत सॅम्युएल मॉर्टन ह्यानें मिसरांतून आणविलेल्या कवट्या मोजून १८४४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन मिसरी लोक गोऱ्या वंशाचे असून काळे लोक तेथें दास म्हणूनच होते, असा त्याचा निष्कर्ष. गुलामांच्या मालकांनीं हा ग्रंथ डोक्यावर घेतला. दहा वर्षांनीं, १८५४ सालीं, स्वतः गुलामगिरींतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस एका महाविद्यालयांतील समारंभांत उभा राहिला व त्यानें ह्या मताचा समाचार घेतला. अमेरिकेंत ज्यांस नीग्रो म्हणतात त्यांच्यांतील पुष्कळांइतकेच मिसरी लोक काळे होते, असें त्यानें प्रतिपादिलें. ही गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हें येथें सहज आठवतें.

उत्खनन करणारेही ह्या मोहांतून सुटले नाहींत. फ्लिंडर्स पेट्री ह्यास १८९५ च्या सुमारास नकादा येथें हजारों थडगीं सापडलीं. हीं बाहेरून आलेल्या एखाद्या नव्या वंशाचीं असावींत, असें तो म्हणाला. तीं मिसरी लोकांच्याच पूर्वजांचीं ठरलीं, आणि त्यानें चूक मान्य केली. तरी बाहेरून आलेल्या श्रेष्ठ वंशाची कल्पना कांहीं त्याला सोडवेना. सुदानांतील केर्मा येथें रायस्नर ह्यानें १९१३ ते १९१६ पर्यंत खोदकाम केलें. सुमारें ९० मीटर व्यासाच्या समाध्या तेथें निघाल्या. आणि काळ्या राजांच्या समाध्या एवढ्या भव्य असूं शकतील हें न सुचल्यामुळें त्यानें त्या मिसरी सुभेदारांच्या ठरविल्या! त्या कूशाच्या राजांच्या आहेत, हें आज सर्वमान्य आहे.

हें पंडितांचें भांडण आहे, त्याचें आपल्याला काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं रुआंडा देशाचा इतिहास पाहावा. तेथें बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनीं व मिशनच्या शाळांनींही असें शिकविलें कीं, तुत्सी लोक हामाच्या वंशांतले, उत्तरेकडून आलेले, म्हणून राज्य करण्यास योग्य. आणि हुतू लोक तसे नव्हेत. १९३० नंतरच्या दशकांत प्रत्येकाच्या ओळखपत्रावर ही जात छापली गेली. पुढें वारें फिरलें, आणि हीच गोष्ट उलट फेकण्यांत आली: तुम्ही बाहेरचे, तर बाहेर चालते व्हा. १९९२ च्या नोव्हेंबरांत एका पुढाऱ्यानें जाहीर सभेंत सांगितलें कीं, तुत्सींना न्याबारोंगो नदीवाटे इथिओपियास परत पाठवूं. १९९४ सालीं सुमारें शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसें मारलीं गेलीं, आणि प्रेतें नदीनें वाहत व्हिक्टोरिया सरोवरास मिळालीं. तेंच पाणी पुढें नाईल होऊन पिरॅमिडांजवळून जातें. ज्या शाळांनीं हा पाठ दिला त्या आमच्या शाळेसारख्याच होत्या, हा विचार मनांत आला कीं मला वर्गांत उभें राहणें जड जातें.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. सेनेगल देशाचे विद्वान शेख आंता दिओप ह्यांनीं १९५४ सालीं ग्रंथ लिहून, व १९७४ सालीं युनेस्कोनें कैरो येथें भरविलेल्या परिषदेंत उभें राहून, असें मांडलें कीं प्राचीन मिसरी लोक सर्वस्वीं काळे होते. त्यांची तयारी इतरांहून चांगली होती हें त्या परिषदेच्या अहवालांतही नमूद आहे. तथापि बहुतेकांस त्यांचें म्हणणें पटलें नाहीं. मलाही तें सर्व पटत नाहीं. मिसर हा आफ्रिकेचाच भाग समजून अभ्यासावा, ही त्यांची मागणी अगदीं रास्त होती. परंतु मिसरी लोक आपल्या देशास ‘केमेत’, म्हणजे काळा, म्हणत, तें बहुतेक अभ्यासकांच्या मतें नाईलच्या काळ्या गाळावरून, कातडीवरून नव्हे. मॉर्टननें मांडलेला डाव उलटून खेळला तरी डाव तोच राहतो.

मग भूमि काय सांगते? गहूं, जव, शेळ्या व मेंढ्या हीं पश्चिम आशियांतून आलीं. गाढव मात्र आफ्रिकेंतच माणसाळलें. मिसरी भाषा ज्या कुलांतली, त्याच्या सेमिटिक सोडून बाकी साऱ्या शाखा आफ्रिकेंतच आहेत. नकादाच्या मडक्यांपासून फेरोंच्या सिंहासनापर्यंतची वाट नाईलच्या कांठीं पायरी पायरीनें चढलेली दिसते. २०२५ सालीं नुवैरात येथील एका पुरुषाच्या सांगाड्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. तो ख्रिस्तपूर्व २८५५ ते २५७० ह्या काळांतला. त्याच्या रक्ताचा सुमारें चार पंचमांश भाग उत्तर आफ्रिकेचा, व एक पंचमांश मेसोपोटेमियाकडचा निघाला. एका माणसावरून साऱ्या राष्ट्राचें माप घेऊं नये हें खरें. पण जें दिसलें तें असें आहे. राजा सेती ह्याच्या थडग्यांत चित्रकारांनीं आपल्या लोकांस तांबूस तपकिरी, दक्षिणेकडील शेजाऱ्यांस काळें, व आशियाच्या आणि लिबियाच्या लोकांस फिकट रंगविलें आहे. आपण काळ्यांत कीं गोऱ्यांत, हा प्रश्न त्यांस पडलेला दिसत नाहीं. कूशाचा काळा राजा तिर्हाका, ज्याचें नांव राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत हिज्कीयाच्या कथेंत येतें, तो पुढें त्यांच्याच सिंहासनावर बसला, व कर्नाकच्या मंदिरांत त्याचे स्तंभ उभारले गेले.

पुढच्या तासाला मीं मागच्या बाकावरील त्या मुलास नकाशाजवळ बोलाविलें, हातांत छडी दिली, आणि नाईल उगमापासून मुखापर्यंत दाखवावयास सांगितलें. त्यानें सावकाश छडी फिरविली. सरोवर आलें, दलदल आली, खार्टूम आलें, केर्मा आलें, अस्वान आलें, कैरो आलें. छडी भूमध्यसमुद्रास टेंकेपर्यंत ती आफ्रिकेबाहेर कोठेंही गेली नाहीं.