जगलेल्या एकाचीच बातमी

सप्टेंबर २०२५ मध्ये १३ वर्षांचा एक अफगाण मुलगा विमानाच्या चाकांच्या कप्प्यात लपून काबूलहून दिल्लीला पोहोचला. जिवंत. त्याच दिवशी त्याला परत पाठवलं. कुतूहल म्हणून चढलो, असं त्याने सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि कौतुकही झालं. दोस्तांनो, हे कौतुक मला खटकतं.

त्या कप्प्यात ना ऊब, ना हवेचा दाब. दहा किलोमीटर उंचीवर पारा उणे पन्नासच्या आसपास जातो आणि ऑक्सिजनअभावी काही मिनिटांत शुद्ध हरपते. उतरताना कप्पा उघडतो, तेव्हा बेशुद्ध माणूस सरळ खाली पडू शकतो. असा प्रवास करणारे बहुतेक जण मेलेच आहेत.

१९९९ मध्ये गिनीतल्या कोनाक्रीहून ब्रसेल्सला गेलेल्या विमानात १४ आणि १५ वर्षांची दोन मुलं मृत सापडली. अंगात कपड्यांवर कपडे. म्हणजे थंडी वाजणार हे त्यांना ठाऊक होतं, किती ते नव्हतं. जवळ युरोपच्या नेत्यांना लिहिलेलं पत्र होतं. आम्हाला शिकायचंय, आफ्रिकेतल्या मुलांना मदत करा, अशी त्यात विनवणी. तीही अदबीने. या पोरांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी ते पत्र वाचावं.