सीर कुणाची, घाम कुणाचा

पांढुर्णा म्हटले की देशाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोटमार तेवढी आठवते. बैल धुणारी माणसे कुणाला दिसत नाहीत. जुन्या सरकारी दप्तरातही ती अशीच कडेला पडलेली. 1854 साली भोसल्यांचे नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले, पुढच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक ठरले आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच काळी जमीन कसणारे कुणबी-पवार त्यांचे रयत. मालगुजाराची घरची जमीन ती ‘सीर’. गावाच्या चालीरीती, चराई, सरपण, पाण्याचे हक्क बंदोबस्ताच्याच ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात उतरवलेले; साहेबाला सारा हवा होता, पण त्या नादात त्याने गावाचा संसारच लिहून ठेवला म्हणायचा! मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-लोण्याने बैलाचे खांदे मळणारा, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार त्यात शोधून सापडणे कठीण. त्याच्या बायकोचे तर विचारूच नका; कापूस वेचून तिची बोटे सोलली, पण दप्तर तिच्यापर्यंत पोचलेच नाही. 1951 मध्ये मालगुजारी गेली. 1956 मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण सौंसर-पांढुर्ण्याचे लोक मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, सातबाऱ्याऐवजी खसरा-खतौनी. 2023 मध्ये पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला. तेव्हा सौंसरकरांनो, पांढुर्णेकरांनो, मिसल बंदोबस्ताची, म्हणजे त्या जुन्या बंदोबस्ताच्या दप्तराची, नक्कल काढाच. पण त्याआधी घरातल्या आजीजवळ वही घेऊन बसा, कारण सालदारांची नावे तिलाच पाठ आहेत.