दुधांतील पेशींची मोजणी कोणाच्या हातीं असावी ?

सोलापूर जिल्ह्यांत पावसानें दगा दिला म्हणजे पुष्कळ घरांचा खर्च पंढरपुरी म्हशीच्या व संकरित गाईच्या दुधावरच चालतो. या उत्पन्नास गुपचूप कुरतडणारा रोग म्हणजे कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतों. कास सुजली, दुधांत गुठळ्या आल्या, म्हणजे तो कोणासही कळतो. परंतु त्याच्या गुप्त प्रकारांत कास मऊ, दूध पांढरेंशुभ्र, जनावर वैरण खातें. फक्त धार हळूहळू कमी होते, आणि दोष आपण पेंडीस देतों.

अशा वेळीं पुरावा दुधांतच असतो. रोगजंतूंशीं झुंजण्यासाठीं रक्तांतील पांढऱ्या पेशी कासेंत जमतात व दुधाबरोबर बाहेर येतात. निरोगी गाईच्या एक मिलिलिटर दुधांत पेशी सामान्यतः २ लाखांच्या आंत असतात. आंकडा त्यावर गेला कीं सावध व्हावें. या पेशी इतक्या बारीक कीं एका मिलिमीटरच्या ओळींत सुमारें १०० मावतील.

त्या मोजण्यास पूर्वीं प्रयोगशाळा लागे. १९५३ सालीं अमेरिकेंत वॉलेस कोल्टर यांनीं, बारीक छिद्रांतून जाणारी प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहांतील फरकावरून मोजण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. आतां तळहातावर मावणाऱ्या पट्टींत केसासारखे बारीक मार्ग केलेले असतात. त्यांत दुधाचा थेंब शिरतो, रंगद्रव्य पेशींच्या केंद्रकांस लागतें, आणि लहानसें यंत्र त्या मोजून मिनिटाच्या आंत आंकडा सांगतें.

असें यंत्र प्रत्येकानें घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. यंत्र स्वस्त व पट्टी महाग असा व्यवहार असूं शकतो, आणि पट्टी एकदां वापरून टाकावी लागते. म्हणून विक्रेत्यास दर तपासणीचा खर्च आधीं विचारावा, यंत्राची किंमत मागाहून. यंत्र गांवच्या दूध संस्थेनें घ्यावें. घरीं १९५७ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेली चार खणांच्या पात्राची साधी कसोटी ठेवावी. चारही सडांचें दूध वेगवेगळ्या खणांत घेऊन तितकेंच द्रावण घालून हलविलें असतां, दोष असलेल्या सडाचें मिश्रण घट्ट होतें. संशय आला तर त्या जनावराचें दूध संस्थेकडे न्यावें, म्हणजे खर्च आवरतो.

मात्र आंकडा रोग सुचवितो, जंतु कोणता तें सांगत नाहीं. म्हणून पशुवैद्यास विचारल्याशिवाय औषध टोचूं नये. नुकत्याच व्यालेल्या व आटत आलेल्या जनावराचा आंकडा चढा असूं शकतो. शिवाय सर्वांच्या मिसळलेल्या दुधांत एका म्हशीचा दोष लपतो. सबब नमुना जनावरागणिक घ्यावा.

कांहीं बांधव म्हणतील, आज फॅट व एसएनएफवर भाव कापतात, उद्यां पेशींवर कापतील. ही भीति निराधार नाहीं. युरोपीय संघांत गाईच्या कच्च्या दुधास मिलिलिटरमागें ४ लाख पेशींची मर्यादा कायद्यानेंच घातलेली आहे. तसे दिवस इकडे येणारच नाहींत असें कोणीं सांगावें? म्हणूनच मोजणी आधीं आपल्या हातीं यावी. जमिनीच्या मोजणीस गैरहजर राहिलेला खातेदार पुढें हद्दीबद्दल तक्रार करीत कचेरीच्या पायऱ्या झिजवितो, हें महसुली नोकरींत आम्हीं पुष्कळदां पाहिलें. दुधाच्या मोजणीस आपण तसेंच गैरहजर राहूं नये.

तरी संस्थांनीं पहिलें एक वर्ष हा आंकडा भावाशीं मुळींच जोडूं नये. तारीख, जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक व आंकडा यांचें टिपण मालकास द्यावें आणि प्रत वहींत ठेवावी. वर्षाचा अनुभव पाहून मग स्वच्छ दुधास अधिक भाव देण्याचा ठराव करावा. येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं हा विषय लेखी मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.