गोषवाऱ्यात जनावराचीही बाजू हवी

पशुवर्तन आणि पशुकल्याण या विषयांवरील परिषदांना पाठवला जाणारा गोषवारा, म्हणजे संशोधनाचा दोन-तीनशे शब्दांतील सारांश, हा व्यासपीठावर जागा मिळवण्यापुरता अर्ज समजण्याची प्रथा पडली आहे. परंतु ज्या जनावरांवर अभ्यास झाला त्यांच्याविषयी जगाला पुढे जे कळते, ते पुष्कळदा तेवढ्याच मजकुरातून कळते. जैववैद्यकीय परिषदांतील तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यानुसार त्यांपैकी सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले, आणि अनुकूल निष्कर्ष मिळालेल्यांना प्रसिद्धीची संधी अधिक लाभली.

ही ज्ञानशाखा नैतिक अस्वस्थतेच्या काळात आकाराला आली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या १९६४ मधील पुस्तकाने बंदिस्त पशुपालनाविषयी ब्रिटनमधील जनमत ढवळून काढल्यावर तेथील शासनाने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये जनावराला उभे राहण्याचे, आडवे होण्याचे, वळण्याचे, अंग स्वच्छ करण्याचे आणि पाय ताणण्याचे स्वातंत्र्य असावे, असे सांगितले. पुढच्याच वर्षी एडिंबरा येथे स्थापन झालेली पशुवैद्यकीय वर्तनशास्त्राची संस्था आज ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर अप्लाइड इथॉलॉजी’ या नावाने ओळखली जाते. इथॉलॉजी म्हणजे प्राण्यांच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास. या संस्थेच्या परिषदेसाठी आलेले गोषवारे शास्त्रीय गुणवत्तेबरोबर नैतिक कसोटीवरही पारखले जातात, म्हणजे जनावराला दिलेला त्रास मिळणाऱ्या ज्ञानाच्या तुलनेत समर्थनीय होता का, हेही पाहिले जाते.

या कसोटीला उतरणारा गोषवारा लिहिताना सर्वाधिक चुका मोजणीत होतात. प्रत्येकी बारा कोंबड्या असलेल्या चार खुराड्यांपैकी दोन खुराड्यांना एक खाद्य आणि दोहोंना दुसरे खाद्य दिले, तर प्रयोगाचे एकक खुराडे ठरते आणि नमुन्याची संख्या चार होते. ती अठ्ठेचाळीस लिहिल्यास एका खुराड्यातील कोंबड्यांचा परस्परांवरील प्रभाव स्वतंत्र पुरावा म्हणून खपवला जातो. निरीक्षकाला कोणत्या गटाला कोणता उपचार दिला हे ठाऊक होते की नव्हते, आणि दोन निरीक्षकांच्या नोंदी कितपत जुळल्या, हेही सांगावे लागते, कारण शेपटीची हालचाल किंवा कानांची ठेवण वाचताना अपेक्षा डोळ्यांवर सहज मात करते. त्याचप्रमाणे जनावर ‘आनंदी’ झाले असे लिहिण्यापूर्वी ते किती वेळ विसावले, किती वेळ रवंथ केले, कोणत्या पर्यायाची निवड केली, हे मोजमाप दिले पाहिजे.

परिणाम आढळला नाही, असे प्रांजळपणे सांगणाऱ्या गोषवाऱ्याला मात्र अजूनही दुय्यम लेखले जाते, आणि हा अन्याय अखेरीस जनावरांवरच होतो. निष्फळ ठरलेली पद्धत कागदावर आली नाही, तर दुसरा संशोधक तीच पद्धत नव्या जनावरांवर पुन्हा वापरतो. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या पर्याय, संख्याघट आणि त्रासघट या तीन तत्त्वांपैकी दुसऱ्याचा तो सरळ भंग होय.

महाराष्ट्रात या शिस्तीची निकड विशेष आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवला असला, तरी शर्यतीपूर्वी, शर्यतीत आणि नंतर बैलावर किती ताण येतो, भटक्या कुत्र्यांचे वर्तन निर्बीजीकरणानंतर कसे बदलते, गोठ्यातील म्हशीला उन्हाळ्यात किती सावली लागते, हे प्रश्न काटेकोर निरीक्षणानेच सुटणारे आहेत. म्हणून पशुवैद्यक महाविद्यालयांतील मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याचा गोषवारा पाठवण्यापूर्वी त्यात किती जनावरे होती, त्यांच्यावर काय केले गेले, नैतिक समितीची मान्यता होती का आणि अभ्यासानंतर त्यांचे काय झाले, या चार गोष्टी आहेत की नाहीत ते तपासावे, आणि नसल्यास तो परत द्यावा.