दोन टोल्या आणि हिशेबाची वही

१८४१चा डिसेंबर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयात पैशाची विलक्षण ओढाताण चालली होती. वार्षिक अहवाल काढायची वेळही तीच. अहवाल छापला असता तर वाचणाऱ्यांनी आपण होऊन पैसे पाठवले असते. म्युलर यांनी नेमका तोच पुढे ढकलला. नड जगजाहीर करून मदत मिळवायची, तर देवावर भरवसा टाकला असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पुढचे काही महिने अनाथालयाला फार जड गेले.

कोणापुढे हात पसरायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही, हे म्युलर यांचे दोन नेम. १८३६मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात तीस मुलींपासून सुरुवात झाली. १८७०पर्यंत शहराबाहेर अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, दोन हजारांवर मुलांची सोय झाली. ही हकिगत चर्चमधून नेहमी सांगितली जाते. वहीची हकिगत मात्र फारशी कोणी सांगत नाही. आलेलं प्रत्येक दान, मग ते चार पेन्यांचं का असेना, नोंदलं जाई, त्याची पावती जाई आणि अहवालात ते छापलं जाई. दात्याचं नाव तेवढं गुप्त राही. भरवसा देवावर होता, म्हणून माणसांना हिशेब देणं म्युलर यांनी कधी टाळलं नाही.

म्युलर यांचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं. परदेशात असा भरवसा ठेवता येतो, तर हिंदुस्थानात का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी १८८९मध्ये सुरू केलेल्या शारदासदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत कबूल केली होती. पण ती मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेसाठी. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. त्यांच्या जेवणाची तजवीज आधी झालेली नव्हती. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीतच गमावलेल्या बाईला मागे फिरणं शक्य नव्हतं. पण केडगावची जमीन त्यांनी त्याआधीच घेतली होती, तिथे फळबाग लावली होती. पुढे तिथल्या मुक्तिसदनात विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असं सगळं उभं राहिलं. छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच असत. प्रार्थना आणि घाम यांत निवड करावी लागते, असं त्या घरात कोणाला वाटलं नसावं.

आज काही व्यासपीठांवरून वेगळंच ऐकू येतं. दशमांश द्या, देव दुपटीनं परत करील. कर्ज फिटेल, नोकरी लागेल. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन त्यासाठी हमखास पुढे केलं जातं. समोर बसलेली असते घरकाम करणारी बाई किंवा आजारपणानं कर्जात बुडालेलं कुटुंब. हा देवाच्या नावानं केलेला सौदा आहे. तो फसला की ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं सांगून दोषही त्याच गरिबाच्या पदरी घालतात. याला दान म्हणवत नाही.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचा दाखला अशा वेळी दिला जातोच. मार्कच्या १२व्या अध्यायात तो आहे. पण त्याच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो. विधवेचं कौतुक करायचं आणि तो भाग गाळायचा, हा प्रामाणिकपणा नव्हे. तिचं देणं थोर आहेच. तिच्याकडे ते मागण्याचा हक्क मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही.

मिझोराममध्ये १९१०पासून चालत आलेली ‘बुहफाई थाम’ ही रीत या बाबतीत फार बोलकी आहे. भात शिजवायला घेताना घरची बाई आधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. मंडळीतल्या बायका ते घरोघर जाऊन गोळा करतात, तांदूळ विकून येणारा पैसा चर्चच्या कामाला जातो. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना असाच मुष्टिफंडाचा आधार होता. मिझो घरातल्या त्या मुठीला परताव्याची अट नाही. ती रोज निघते, म्हणून घरच्या ताटात थोडी उणीव जाणवते. पण पोरं उपाशी राहत नाहीत.

देणं देणाऱ्यालाच ओझं होऊ नये, हे प्रेषित पौलानंही पाहिलं होतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना त्यानं स्वतः दारिद्र्यात असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचं देणं नावाजलं. करिंथकरांना लिहिताना मात्र इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं, असं व्हायला नको, हेही बजावलं. शिवाय पैसा पोहोचवायला त्यानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. आजच्या मंडळ्यांना एवढं तरी सहज जमावं: दानपेटी किमान दोघांनी मिळून उघडावी, वर्षाचा जमाखर्च चर्चच्या दाराशी लावावा, आणि पाळकाचं मानधन किती व गरिबांवर खर्च किती, हे तिथे कोणालाही वाचता यावं.