कळसूबाईची उंची आणि चढणाऱ्याची तयारी

पावसाळा ओसरला, की सह्याद्रीतील वाटा गजबजू लागतात. नवरात्रात कळसूबाईच्या माथ्यावर देवीच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. त्यानंतर थेट फेब्रुवारीपर्यंत शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून आलेल्या ट्रेकरच्या गाड्या पायथ्याच्या बारी गावात उभ्या असतात. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. म्हणून त्याला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. कौतुक म्हणून हे ठीकच. पण आरोग्याच्या दृष्टीने ही उपमा दिशाभूल करते, कारण एव्हरेस्टवर माणसाला जे छळते, ते कळसूबाईवर जवळपास नसतेच. आणि कळसूबाईवर जे छळते, त्याची तयारी फार थोडे जण करतात.

उंचीचा त्रास होतो तो हवेचा दाब कमी झाल्याने. हवेतील ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे साधारण २१ टक्केच असतो. दाब घटला, की प्रत्येक श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, म्हणजे ५३६४ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कळसूबाईच्या माथ्यावर तो जेमतेम १८ टक्क्यांनी कमी भरतो, आणि निरोगी माणसाचे रक्त तेवढी घट सहज भरून काढते. उंचीमुळे होणारे आजार सहसा २५०० मीटरच्या पुढे सुरू होतात. साल्हेर १५६७, हरिश्चंद्रगड १४२४, तोरणा १४०३ मीटर. संपूर्ण पश्चिम घाटात सर्वांत उंच असलेले केरळमधील अनैमुडी २६९५ मीटरवर आहे, ते मात्र ही रेषा ओलांडते. त्यामुळे कळसूबाईवर कुणाला चक्कर आली, उलटी झाली, छातीत दुखू लागले, तर ‘उंचीमुळे होते असे’ म्हणून ते टाळणे चूक आहे. कारण दुसरे असते, आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

पहिले कारण म्हणजे उष्णता. बारीहून माथ्यापर्यंतची उभी चढाई आठशे मीटरहून अधिक आहे. तीन मीटरचा एक मजला धरला, तर हे अडीचशेहून अधिक मजले होतात. सत्तर किलो वजनाचे शरीर एवढे वर नेण्याचे निव्वळ काम सुमारे १३० किलोकॅलरींचे आहे. पण स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नाही. तेवढ्या कामासाठी त्याला चार ते पाचपट ऊर्जा जाळावी लागते, आणि उरलेली सगळी उष्णता बनून शरीरातच साठू पाहते. तिला बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. ऑक्टोबरमध्ये हवेत पावसाळ्याचा दमटपणा अजून शिल्लक असतो, वरून ऊन तळपते आणि काळा बेसाल्ट तापलेला असतो. अशा वेळी घाम वाळण्याऐवजी निथळतो. म्हणजे पाणी जाते आणि शरीर थंडही होत नाही.

शरीराला उन्हातल्या श्रमाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. आठवडाभर वातानुकूलित कार्यालयात बसलेल्या माणसाला ही सवय नसते. त्यात माथ्याजवळचा वारा फसवतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने वरची हवा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असते. गार वाटते, तहान जाणवत नाही, आणि उतरताना दुपारच्या उन्हात अंगातील पाण्याची तूट एकदम अंगावर येते.

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे या पहिल्या सूचना आहेत. तेव्हाच सावलीत बसून पाणी आणि मीठ-साखर घेतली, तर बहुतेक जण सावरतात. पण सोबती चिडचिडा झाला, अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा समजू नये. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्याची आणि उष्माघाताची ती खूण असू शकते. अशा वेळी आधी शरीर थंड करायचे आणि मग हलवायचे. कपडे सैल करावेत, मिळेल तेवढे पाणी अंगावर ओतावे, ओल्या कापडाने पुसत जोराने वारा घालावा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. खाली गाडीपर्यंत पोहोचायला दोन तास लागणार असतील, तर जीव वाचणे किंवा न वाचणे हे वरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरते.

पाण्याबाबतही दोन टोके दिसतात. कुणी एका लिटरच्या बाटलीवर निघतो, तर कुणी ‘सतत पाणी प्या’ हा सल्ला शब्दशः घेऊन तासातासाला बाटल्या रिचवतो. घामावाटे मीठही जाते. त्याची भरपाई न करता नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते, आणि त्याचीही लक्षणे डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण अशीच असतात. तहानेप्रमाणे घोट घोट पाणी, जोडीला ओआरएसची दोन पाकिटे, शेंगदाणा चिक्की, वाटेत गावकरी विकतात ते मीठ घातलेले लिंबू सरबत, एवढ्याने काम भागते.

दुसरे कारण हृदयाचे. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. ज्यांना व्यायामाची सवय नाही, त्यांनी अचानक जोराचे श्रम केले, की झटक्याची शक्यता काही काळ वाढते, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असलेल्या, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तीने चढाईआधी डॉक्टरांना भेटणे ही औपचारिकता नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात, काही नाडीची गती वाढू देत नाहीत. मधुमेहाच्या काही औषधांनी चढताना साखर एकदम उतरते. औषध परस्पर बंद करणे जितके चूक, तितकेच त्याचा विचार न करता निघणेही चूक. अंग दुखू नये म्हणून निघतानाच वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही सोडायला हवी. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप, अकारण सुटलेला गार घाम यांपैकी काहीही झाले, तर शिखर दहा मिनिटांवर असले तरी चढाई तिथेच संपली पाहिजे. मधुमेही व्यक्तीला तर छातीत दुखल्याशिवायही झटका येऊ शकतो.

या दोन्ही धोक्यांत भर पडते ती ‘नाइट ट्रेक’ने. शुक्रवारी दिवसभर काम, रात्री बस, पहाटे तीनला चढाईला सुरुवात, माथ्यावर सूर्योदय, दुपारपर्यंत खाली आणि संध्याकाळी घरी, असा बेत अनेक गट आखतात. उन्हापासून सुटका हा त्यातला फायदा खरा आहे. पण चोवीस तास न झोपलेल्या माणसाचा तोल, प्रतिसाद आणि निर्णयशक्ती तिन्ही ढासळतात. अंधारात, घसरड्या वाटेवर, लोखंडी शिड्यांवर गर्दी असताना ते महागात पडते. आणि परतीच्या प्रवासात गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागली, तर सगळ्यांनाच. सूर्योदय पाहायचाच असेल, तर आदल्या संध्याकाळी बारीत मुक्काम करून झोप घेण्याला पर्याय नाही. गावातल्या घरांना त्यातून चार पैसेही मिळतात.

गुडघ्यांचा हिशेब मात्र चढताना नव्हे, उतरताना होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखे काम करतात. याच प्रकारच्या कामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. गुडघ्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. वजन जास्त असलेल्यांनी काठी वापरावी, लहान पावले टाकावीत, उड्या मारू नयेत. घसरून पाय मोडण्याचे प्रसंगही थकलेल्या पायांनी, घाईने उतरतानाच अधिक घडतात.

या सगळ्याची तयारी महाग नाही. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस इमारतीचे जिने चढायचे. हळूहळू मजले वाढवायचे, मग पाठीवर पिशवी घ्यायची. उतरायचेही जिन्यानेच, लिफ्टने नाही. दहा मजले न थांबता, सोबत्याशी बोलत चढता येत नसतील, तर अडीचशे मजल्यांचा बेत पुढे ढकलावा. प्रत्यक्ष चढतानाही हीच कसोटी लावावी: पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. आणि निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी. ती वेळ झाली, की माथा कितीही जवळ असो, गट वळतो. परतीच्या पावसात माथ्यावर ढग गडगडू लागले, तर लोखंडी शिड्या आणि कठडे सर्वांत आधी सोडायला हवेत, हेही त्याच नियमात बसते.

व्यक्तीने तयारी करावी हे खरे. पण सारी जबाबदारी तिच्यावर टाकून शासन आणि आयोजकांना मोकळे होता येणार नाही. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. तरीही नोंदणी, प्रशिक्षित वाटाड्या, प्रथमोपचार यांची विचारपूस न करता समाजमाध्यमावरील एका जाहिरातीवर पन्नास-पन्नास जणांचे गट निघतात. आयोजक सहभागींचे आजार विचारत नाहीत आणि सहभागी सांगत नाहीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथे थांबते. तिथून वर पडलेल्या माणसाला खांद्यावरून खाली आणतात ते गावातले तरुण, बहुधा स्वतःचे काम टाकून, कसलेही प्रशिक्षण आणि मोबदला नसताना.

या तरुणांनाच उष्माघात, हृदयपुनरुज्जीवन आणि हाडमोडीचे प्रशिक्षण द्यावे, गर्दीच्या दिवसांसाठी मानधन द्यावे. पायथ्याशी आणि अर्ध्या वाटेवर स्ट्रेचर, ओआरएस, पुरेसे पाणी आणि हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र ठेवावे. त्या दिवसाचे हवामान आणि चढाई सुरू करण्याची शेवटची वेळ पायथ्याशी फलकावर लिहावी. सर्वोच्च शिखर म्हणून कळसूबाईचे नाव पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत झळकते. तिथे ही सोय उभी करण्याला मोठा निधी नव्हे, जिल्हा प्रशासन, वन विभाग आणि ग्रामपंचायतीची एक बैठक लागते. ती हा हंगाम भरात येण्याआधी व्हावी.